दोन काडतुसांचा नियम

त्या रविवारच्या घटनेबद्दल क्लबच्या दप्तरात दोन कागद आहेत. पहिल्यात दोष नेमबाज मुलीचा आहे. दुसऱ्यात दोष मधुकर परब यांचा आहे. दोन्हींवर एकाच सचिवाची सही आहे. ज्या माणसामुळे ती घटना घडली त्याचे नाव या दोन्ही कागदांवर फक्त सहीच्या जागी आहे. मी इथल्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार, रेंजवर जुना येणारा-जाणारा; मी दोन्ही कागद वाचले आहेत, आणि म्हणूनच परबांबद्दल लिहितो आहे.

परब कासारवाडीला स्टेशनपासून चार मिनिटांवर दोन खोल्यांत राहत. गाव सिंधुदुर्गातले, नोकरीची सगळी वर्षे पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर एका सभासदाने त्यांना रायफल क्लबमध्ये आणले, कारण एका बंदुकीत तुटलेला स्क्रू कोणालाच निघत नव्हता. परबांनी तो वीस मिनिटांत काढला आणि पुढची अकरा वर्षे ते तिथेच राहिले. त्यांच्याकडे शस्त्रखोली, एक व्हाइस, एक दिवा आणि दुरुस्तीची वही होती. वही पेन्सिलने लिहीत, पण चुकलेले कधी खोडत नसत. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहीत.

अकरा वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडली नाही. नवे सभासद हटकून विचारत, "काका, तुमचा बेस्ट स्कोअर किती?"

"शून्य," परब म्हणत. "आणि तो मी अजून बिघडू दिलेला नाय."

त्यांचे बाक असे होते की बसल्यावर पाठ फायरिंग लाइनकडे येई. नेम कोणाचा कुठे लागला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी पितळी केस बाहेर फेकली जाऊन फरशीवर पडते, तिचा आवाज ते ऐकत. मान न वळवता म्हणत, "सात नंबर, तुमची केस उशिरा सुटतेय. उठताना रायफल माझ्याकडे द्या." लाइनवरच्या सात नंबरच्या जागी बसलेल्या माणसाला तोवर काहीच जाणवलेले नसे. संध्याकाळी उघडून बघितले तर केस बाहेर खेचणाऱ्या आकड्याची स्प्रिंग दमलेली निघे. 

खिशात पेनाच्या जागी एक बोटभर लांबीची कानस असे. कोणी एखाद्या वस्तूची भलामण केली की ते विचारत, "कानस लावून बघितलीत काय?" पोलाद कडक असेल तर कानस त्यावरून घसरते, मऊ असेल तर रुतते आणि चमकदार रेघ उमटते. परबांच्या मते जगात याहून सोपा आणि प्रामाणिक सवाल-जवाब नव्हता. पिंपरीच्या बाजारात एकदा सुऱ्या विकणारा ओरडत होता, "जर्मन स्टील, काका, जर्मन स्टील!" परबांनी सुरी हातात घेतली, कानस काढली आणि पात्याच्या मागच्या अंगाला ओढली. ती लोण्यात गेल्यासारखी गेली.

"जर्मनी भलतीच मऊ पडली हो," परब म्हणाले.

विक्रेत्याने सुरी हिसकावून घेतली. "काका, भाजी चिरायचीय का रेल्वेचा रूळ?"

भोवतीची गिऱ्हाइके हसली. परबही हसले आणि त्यांनी तीच सुरी विकत घेतली. वाटेत मला म्हणाले, "बरोबर बोलला तो. भाजीला पुरते. भाजीला पुरते एवढंच ओरडला असता तर मी कानस काढलीच नसती."

त्यांचा सगळ्यांना नकोसा झालेला हट्ट म्हणजे दोन काडतुसांचा नियम. क्लबकडे पॉइंट टू टू बोअरच्या काही जुन्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली आहेत. जुन्या सभासदांच्या घरच्यांनी दिलेल्या. काहींचे वय परबांएवढे. अशा रायफलीत एक गोळी सुटली की पुढचे काडतूस आपोआप नळीत येते, पण ते सुटण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. आतला एक छोटा पोलादी खटका काडतुसावर ठोका देणाऱ्या हातोड्याला अडवून धरतो, म्हणून हे शक्य होते. तो खटका झिजला की एकदा ओढलेल्या चापावर दोन, कधी तीन गोळ्या सुटतात. पहिलीवर तुमचा ताबा असतो. दुसरी सुटते तेव्हा नळी हललेली असते आणि माणूस दचकलेला. परबांचा नियम असा: जुनी सेमी-ऑटोमॅटिक कपाटातून काढली की दर वेळी पहिल्या मॅगझिनमध्ये फक्त दोन काडतुसे भरायची. दोष असेल तर तो दोनातच कळतो, आणि कळल्यावर आत तिसरे उरलेले नसते.

एका बांधकाम व्यावसायिकाने, ज्याला सभासद होऊन महिना झाला होता, यावरून त्यांना सगळ्यांसमोर झापले. "दहाचं मॅगझिन आहे ना? मग दहा भरणार. हा काय पोरखेळ लावलाय?"

"भरा की," परब म्हणाले, आणि रायफल घेऊन शस्त्रखोलीला आतून कडी घालून बसले. तो माणूस बाहेर पंधरा मिनिटे उभा होता. शेवटी त्याने दोन भरली.

हा नियम मनापासून पाळणारी एकच व्यक्ती होती. कल्याणी. चाकणजवळच्या गावची, शेतकऱ्याच्या घरातली. एका कंपनीत कंत्राटावर वायरिंगच्या लाइनला. पहिली शिफ्ट सुटली की दोन बस बदलून रेंजवर येई. पोलिस भरतीत खेळाडूंच्या जागांसाठी तिने अर्ज केला होता आणि वयाची अट बघता ही तिची शेवटची संधी होती. त्यासाठी क्लबचे एक पत्र लागणार होते: ही आमची नेमबाज आहे, हिच्यावर कोणतीही शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही. परब तिला मालवणी 'गो' म्हणत, ती त्यांना काका. ती रायफल परत करताना नळी पुसून देई, म्हणून ती त्यांची लाडकी होती. याहून जास्त जिव्हाळा मी त्यांना कोणाशी दाखवताना पाहिलेला नाही.

आता सचिव. त्यांचा भोसरीत मशीनिंगचा कारखाना आहे. कारखाना चांगला आहे, हे मला सांगितलेच पाहिजे. या पट्ट्यात एक खोड मात्र सर्रास दिसते: जगातली कुठलीही वस्तू आपल्या टूलरूममधून फिरवून आणली की सुधारते, असे इथे प्रत्येकाला वाटते. लोकांनी इथे देवघरातल्या समया ग्राइंड करून आणल्या आहेत. चार नंबरच्या जुन्या रायफलचा चाप जड आहे, खरखरतो, अशी सचिवांची तक्रार होती. परब म्हणाले, तो तसाच असायला हवा. तेव्हा एका संध्याकाळी सचिवांनी दुसऱ्या सभासदाकडून तो खटका काढून घेतला, कारखान्यात नेला, सरफेस ग्राइंडरवर धरला आणि आरशासारखा चकचकीत करून पुन्हा रायफलीत बसवून घेतला.

"काका, बघा. मिरर फिनिश," ते म्हणाले. "चाप कसा लोण्यासारखा झालाय."

परबांनी खटका काढून दिव्याखाली धरला. अशा जुन्या भागांचे पोलाद आतून मऊ असते. वर फक्त कातडीएवढा थर कडक केलेला असतो. ग्राइंडरने नेमका तो थर गेला होता. वहीत त्यांनी त्या दिवशी लिहिले: "नं. ४. खटका बाहेर घासलेला. माझे काम नाही. वापरू नये." खटका परत जागेवर बसवून रायफलला लाल पाटी बांधली आणि नवा खटका मागवण्याचा अर्ज सचिवांच्या टेबलावर ठेवला. अर्ज तिथेच राहिला.

त्या रविवारी परब पिंपळे गुरवला नातीच्या बारशाला गेले होते. मीही रेंजवर नव्हतो. पुढचे पाच जणांकडून ऐकलेले आणि एकमेकांशी ताडून पाहिलेले आहे.

सचिवांच्या कारखान्याचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या कंपनीचे काही पाहुणे आले होते. त्यांना जुनी रायफल चालताना दाखवायची होती. चार नंबर कपाटातून निघाली. लाल पाटी सचिवांनी स्वतः सोडली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. सराव करत असलेल्या कल्याणीला त्यांनी बोलावले. पाटीबद्दल तिला काही सांगितले नाही. तिने मॅगझिनमध्ये दोन काडतुसे भरली.

"अगं, दहा भर. पाहुणे बघतायत."

"न्हाई सर. पैल्यांदा दोनच. काकांचा नियम हाय."

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसले. तिने नेम धरला आणि चाप ओढला. पहिली गोळी लक्ष्याला लागली. दुसरी त्याच श्वासात सुटली, वर गेली आणि लक्ष्यांच्या खड्ड्यावरच्या पत्र्याला भोक पाडून मागच्या मातीत घुसली. त्या पत्र्याखाली बबनराव बसले होते. लक्ष्ये लावण्याचे आणि मोजण्याचे काम ते कित्येक वर्षे करतात. भोक त्यांच्या डोक्यापासून वीतभर वर होते.

बबनराव दोन्ही हात वर करून बाहेर आले. "आरं, मी हाय आत! मी हाय!" एवढेच ते म्हणत राहिले. नंतर मला म्हणाले, "आवाज एकच आला, राव. भोकं दोन."

कल्याणीने रायफल खाली ठेवली, मॅगझिन काढले आणि ते रिकामे असल्याचे सगळ्यांना दाखवले. तिच्या जागी दहा काडतुसे भरलेला कोणी असता तर काय झाले असते, याचा विचार त्या क्षणी तिथल्या कोणीही केला नाही. नंतरही केला नाही.

संध्याकाळी सचिवांनी मला फोन करून सांगितले: नवख्या नेमबाजाने घाबरून चाप दोनदा ओढला, कोणी जखमी नाही, क्लबने तिला वर्षभरासाठी निलंबित केले. मी चार ओळींची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी परब ते कात्रण घेऊन आमच्या कार्यालयात आले. बसले नाहीत.

"बातमी तुमची?"

"हो."

"कानस लावून बघितलीत काय?"

मी कात्रण हातात घेतले. ते म्हणाले, "गुरुवारी कमिटीची मीटिंग आहे. येऊन बसा. लिहू नका. नुसतं बघा." आपल्या बाजूची बातमी देणारा माणूस म्हणून सचिवांनी मला बसू दिले.

कमिटीचे म्हणणे मी जसेच्या तसे देतो. मॅगझिनमध्ये दोन काडतुसे होती. दोन गोळ्या सुटल्या. म्हणजे मुलीला दोनच झाडायच्या होत्या आणि तिने दोन झाडल्या, फक्त घाईने झाडल्या. यात रायफलचा दोष कुठे आला? दहातल्या दोन सुटल्या असत्या तर शंका घेता आली असती. ज्या नियमाने बबनराव वाचले, तोच नियम त्या टेबलावर तिच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. तीन शिकलेल्या माणसांनी हा युक्तिवाद एकामागून एक केला आणि कोणालाही ओशाळे वाटल्याचे दिसले नाही. कल्याणी बाहेर बाकड्यावर बसली होती. तिला आत बोलावले गेले नाही.

परबांनी रुमालातून खटका काढला. सचिवांसमोर धरला. आधी त्याच्या मागच्या, न घासलेल्या बाजूवर कानस ओढली. ती काचेवरून सरकावी तशी घसरली. मग तो चकचकीत बाजूवर वळवला आणि कानस ओढली. कर्र झाले आणि मधोमध पांढरी रेघ उमटली.

"एकच वस्तू," परब म्हणाले. "पाठ कडक, तोंड मऊ. हे तोंड दबून गोल झालंय. हातोडा यावर टेकत नाय, सरकतो. मुलीनं चाप एकदाच ओढला."

वही उघडून त्यांनी ते पान दाखवले. सचिव म्हणाले, "ही वही क्लबची ऑफिशियल नाही. आणि पेन्सिलनं लिहिलेलं कोणीही कधीही लिहू शकतं."

कमिटीत एक वकील होते. त्यांनी मात्र खटका नीट पाहिला. त्यांना पटले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. पण ते बोलले ते असे: "परब, यांत्रिक दोष लिहिला तर वरचं ऑफिस सगळी शस्त्रं तपासायला नेणार. खटका परवान्याशिवाय बाहेर कोणी घासला, हे विचारणार. रेंज बंद होईल. दोष माणसाचा दाखवता आला तर रेंज वाचते."

"कुठल्या माणसाचा?" परबांनी विचारले.

"तो प्रश्न दुय्यम आहे."

हे वाक्य मी तेव्हा छापले नाही, कारण लिहू नका असे मला सांगितले होते. आज छापतो आहे.

सचिव म्हणाले, "एका मुलीचं एक वर्ष, की सगळ्यांची रेंज? काका, तुम्हीच सांगा. ती पुढच्या वर्षी येईल की परत."

पुढचे वर्ष तिला नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होते. अर्जाला जोडायच्या पत्रासाठी पाच दिवस उरले होते.

परब खटका रुमालात गुंडाळून उठले. शस्त्रखोलीत गेले. तासाभराने एक कागद घेऊन आले. त्यांनी लिहिले होते: "चार नंबरच्या रायफलीतून एकदा चाप ओढला असता दोन गोळ्या सुटल्या. नेमबाजाने नियमाप्रमाणे दोनच काडतुसे भरली होती. रायफल सदोष असल्याचे मला माहीत असूनही मी तिचा खटका काढून ताब्यात ठेवला नाही. ही माझी चूक."

वकिलांनी तो दोनदा वाचला. सचिवांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. देखभालीतली चूक, फिटर बदलला, प्रकरण संपले. सचिव म्हणाले, "पहिलं वाक्य जरा सौम्य करू या का? 'दोन गोळ्या सुटल्या असाव्यात'?"

"सुटल्या," परब म्हणाले.

"बरं. सही करा."

"आधी तिच्या पत्रावर शिक्का. निलंबन मागे घेतल्याचं त्यातच लिहा. मग माझी सही, आणि खाली मिळाल्याची तुमची."

सचिवांनी पत्र टाइप करवून घेतले. परबांनी ते पूर्ण वाचले, तारीख चुकली होती ती दुरुस्त करवली, शिक्क्याची शाई वाळेपर्यंत थांबले आणि मगच सही केली. सचिवांनी उठून हात पुढे केला. "मोठ्या मनाचे आहात, काका." परबांनी तो हात धरला नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि कोणती किल्ली कोणत्या कपाटाची, हे एकेक करून सांगितले.

त्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात आहेत. सचिव अजून सचिव आहेत. दोन काडतुसांचा नियम क्लबने छापून भिंतीवर लावला आहे. खाली 'कमिटीच्या आदेशावरून' असे लिहिले आहे. कल्याणीची निवड झाली. तिचा फोटो क्लबच्या दारात आहे आणि त्यात तिच्या शेजारी सचिव उभे आहेत. परबांचा फोटो नाही. नव्या सभासदांना सांगितले जाते की आधीचा फिटर हलगर्जी होता, त्याच्यामुळे एकदा माणूस मरता मरता वाचला. हे मी स्वतः ऐकले आहे. सांगणाऱ्याला मी हटकले, तेव्हा तो म्हणाला, "त्यांनीच लिहून दिलंय ना?" मी माझ्या वर्तमानपत्रात खुलासा देऊ केला होता. संपादकांनी विचारले, कागदोपत्री पुरावा काय? पुराव्याचा कागद परबांविरुद्धच होता.

त्या गुरुवारी मी त्यांना शेवटचे पाहिले. पुढच्या महिन्यात ते घर आवरून गावी गेले. त्या गुरुवारी मीटिंग संपल्यावर रेंजच्या फाटकाबाहेर कल्याणी त्यांच्यामागून धावत आली. तिच्या हातात पत्र होते. आत काय झाले ते दाराशी उभे राहून ऐकलेल्या बबनरावांनी तिला सांगितले होते.

"तुमी असं का लिवलं, काका? तुमची चूक न्हाई."

"थोडी आहे. पाटी बांधून निर्धास्त झालो. पाटी कोणीही सोडतो."

"आन् ज्यानं घासलं त्याचं काय?"

"ते त्यानं लिहायचं. मी माझं लिहिलं."

"त्यो लिवल व्हय?"

तिने पत्र त्यांच्यापुढे धरले. "मला नको ह्ये. तुमाला चोर ठरवून मिळालेलं नको."

तेव्हा ते चिडले. अकरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. "गप धर ते! तुझ्यावर उपकार नाय केले मी. चाप एकदाच ओढला होतास की नाय?"

"एकदाच."

"मग ते आता त्यांच्या सहीनं लिहिलंय. मेलो तरी खोडता यायचं नाय त्यांना. त्याच्यासाठी दुसरं जे काय लिहावं लागलं ते लागलं."

बस आली. गर्दी होती. परब मागच्या दाराने चढले, आणि खिडकीशी पोचल्यावर त्यांनी तिला हाताने खूण केली: वारा आहे, कागद पिशवीत ठेव. तिने ठेवला नाही. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी कल्याणी तो कागद दोन्ही हातांत उघडा धरून फाटकाकडे तोंड करून उभी होती. आतून सचिवांची गाडी बाहेर येत होती. ती बाजूला झाली नाही. गाडीला थांबावे लागले.